जोडणी चालूच आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची नाशिकला. कॉलेज रोडच्या मागे खोली मिळाली, गॅलरीत सकाळचं ऊन येतं. आमचा टीमलीड संघर्ष पहिल्याच दिवशी मिसळ खायला घेऊन गेला. म्हणाला, इथे कोणी कोणाला सर-मॅडम म्हणत नाही. दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटशी घरच्यांना बोलता यावं, असं कॉलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. नामपूरला आईला सांगितलं, तर म्हणाली, चांगलं काम शे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

टीममधल्या रिझवानने कोडमध्ये केलेला सॉकेटचा बदल तपासायला माझ्याकडे आलाय. सॉकेट म्हणजे कॉलची चालू जोडणी. अपडेटच्या वेळी जुनी प्रोसेस, म्हणजे आधीपासून चालू असलेला प्रोग्राम, ती नव्या प्रोसेसच्या हाती देते आणि स्वतः संपते. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. लिनक्सवर ती सरळ पाठवता येते, विंडोजवर तिची दुसरी प्रत करून द्यावी लागते. कोड नेटका आहे. एकच खटकलं: कॉल संपल्यावरही जोडणी उघडीच दिसते. रिझवानला विचारलं. त्याचा घसा बसलेला होता. म्हणाला, दोन्ही प्रोसेस नीट संपतात, तरी ती कोणीतरी धरून ठेवतं. कोण, ते त्यालाही सापडलेलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चाचणी म्हणून आईलाच कॉल लावला. बोलता बोलता जोडणी नव्या प्रोसेसला दिली, आवाज जराही तुटला नाही. मीटिंग होती म्हणून लगेच ठेवला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आईचा फोन आला. काल किती वेळ बोललीस, मन भरलं, म्हणाली. मी काय बोलले, ते विचारलं. घरात कोण कोण असतं, शेजारी कधी झोपतात, असं मी विचारत होते म्हणे.

१० नोव्हेंबर, सोमवार

रिझवान आला नाही. त्याच्या बायकोला, माहेनूरला, फोन केला. ती कुजबुजत होती. रिझवानचा आवाज पार गेलाय, तो तिच्यासमोर गप्प बसलाय. आणि दुसऱ्या मोबाइलवर रिझवानच बोलतोय. घरी येतोय म्हणतोय.

बदल नामंजूर केला. संघर्षला सगळं सांगितलं. सांगताना माझा घसा बसत चालला होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बदल चालू झालाय. संघर्ष म्हणतो, सकाळी तूच फोन करून हो म्हणालीस. मी नव्हते, हे सांगायला तोंड उघडलं. नुसती हवा.

आता दवाखान्यांतले सगळे कॉल—

आईला वाचता येत नाही, मेसेजचा उपयोग नाही. बस धरली.

नामपूर, संध्याकाळ

दार आतून लावलेलं. ठोठावलं.

"कोन शे?"

आवाज निघत नाही. पुन्हा ठोठावलं.

आत फोन स्पीकरवर आहे. माझा आवाज. दारात भलतीच बाई आहे, उघडू नको, असं आईला सांगतोय.

"मंग तू कव्हय येशी?" आईने विचारलं.

आलेच, फोनवरचा आवाज म्हणाला. मागच्या दाराशी आहे.

मागे गल्ली नाही, जायला वाट नाही. शेजारच्या पुतळाबाईंना दाखवायला हे ओट्यावर बसून लिहितेय. त्या वाचतील, त्या आईला हाक—

मागची कडी निघाली.

आई हसतेय. आई म्हणतेय, हात किती गार तुझे, आणि हे—