एकसष्टचे अडतीस

१२ जानेवारी २०२५

ती. बाबांना जमुनाचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे? मृगाची संत्री यंदा चांगली धरलीत, अंकुरदादाने फोटो पाठवले.

त्यानेच तुम्हाला माझी चूक सांगितली, हेही कळलं. मालवणच्या किनाऱ्यालगत मी एकसष्ट डॉल्फिन मोजले होते, आता आकडा अडतीसवर आलाय. तुम्ही फोनवर म्हणालात, "दीड वर्ष बोटीवर फिरून राहिली, अन् मोजताबी नाई आलं तुले? आता घरी ये." मी फोन ठेवला. राग आला होता, अजूनही आहे.

झालं काय ते ऐका. डॉल्फिन क्षणभर वर येतो, तेवढ्यात त्याच्या पाठीवरच्या पराचा फोटो घ्यायचा आणि ओरखड्यांवरून तो कोणता हे ओळखायचं. डावीकडचे ओरखडे वेगळे, उजवीकडचे वेगळे. त्यामुळे तेवीस डॉल्फिनचे मी दोन-दोन धरले. तुम्ही संत्र्याच्या व्यापाऱ्याला झाडाभोवती फिरवता, एका बाजूने अंदाज करू देत नाही. तुमची मुलगी असून मी हे विसरले, याची लाज वाटते. पण चूक मीच शोधली आणि प्रकल्पाच्या सरांना मीच सांगितली. मोठा आकडा सगळ्यांना आवडला होता. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं.

आता खरं ते लिहिते. वर गावाचं नाव टाकलं नाही, कारण मी मालवणला नाहीच. वीस दिवस झाले, अकोल्यात सीमा या मैत्रिणीच्या खोलीवर सगळे फोटो पुन्हा लावत बसलेय. घर बसने चार-पाच तासांवर, तरी आले नाही. आले असते तर तुम्ही माघातलं साक्षगंध पक्कं केलं असतं, आणि आईचा चेहरा पाहून मी हो म्हटलं असतं.

या अडतीसांतले तिथेच राहणारे किती आणि नुसते येऊन जाणारे किती, हे आणखी एक हंगाम पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मी बुधवारी मालवणला निघतेय. साक्षगंध करू नका. अंजनगावच्या पाहुण्यांना तुम्ही सांगा. तुमच्याने होत नसेल तर नंबर पाठवा, मी सांगते. मुलात काही खोट नाही. मला हे काम सोडायचं नाही, एवढंच.

रागवायचं तर रागवा. होळीला मी घरी येणार आहे, तुम्ही बोललात तरी आणि नाही बोललात तरी.

तुम्हाला न विचारता, पण सांगून निघालेली,
जमुना