धुऱ्यावरचा भात

२ डिसेंबर
आज डाव्या पायातली चप्पल चोरीस गेली. उजवी शाबूत. प्रकरण गंभीर आहे. नव्या घरात येऊन महिनाही झाला नाही आणि कायदा-सुव्यवस्थेची ही गत. मंगरूळपीरच्या गल्लीत वीसेक वर्षं भाड्याने काढली. तिथेही चपला गेल्या, पण जोडीने गेल्या. चोरालाही काही रीत होती. एकच चप्पल नेणाऱ्याला कोणते कलम लावावे?
सौ. म्हणाली, "द्या ना मंग बातमी तुमच्या पेपरात. एका पायाची." हसली नाही. म्हणजे आतून फारच हसली.
संशयित: खोकड. आपल्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, माळावर त्याचे बीळ आहे. प्रत्यक्षदर्शी कोणी नाही.

४ डिसेंबर
या खोकडाचे आमच्या घरात येणे-जाणे सुरू झाले ते धर्मकार्यातून. वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींनी बळीचा भात (दही, उडीद, गुलाल, वर कणकेचा दिवा) धुऱ्यावरच्या दगडावर ठेवायला लावला. "ठेवा, आणि मागे न पाहता या." मी पाहिले. वार्ताहराची जात. मांजरापेक्षा थोडे मोठे, पिवळट अंग, शेपटीचे टोक काळे. दिवा चुकवून सुबकपणे जेवत होते.
सौ.ला सांगितले. तिने जागच्या जागी निकाल दिला: जागेचा मूळ मालक आला, आपला वाटा घेऊन गेला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला पळसाच्या द्रोणात भात. विधी एका दिवसाचा, हिने नित्यकर्म करून टाकले. मी शास्त्राधार मागितला.
"शास्त्र ठेवा तुमच्यापाशी. आपण त्याच्या आंगणात घर बांधलं. त्याले घासभर भात नाई द्याव?"
एम. ए. संस्कृत; द्रोणासाठी पळसाची पाने आणून देतो.

७ डिसेंबर
पाठशाळेत तर्कशास्त्र शिकवताना आमचे गुरुजी गवयाचे उदाहरण देत. गवय कधी न पाहिलेल्या माणसाला सांगावे की तो गाईसारखा असतो. मग रानात तसे जनावर दिसले की त्याने ओळखावे, हाच तो. गवय म्हणजे आपला रोही, नीलगाय. तेव्हा पाठ केला, दर्शन झाले ते पन्नाशी उलटल्यावर. आज संध्याकाळी शेजारच्या भगवानभाऊंच्या हरभऱ्यात उभा. निळसर करडा नर, गळ्याशी पांढरा पट्टा, खांदा माझ्या छातीएवढा. मान वर करून आमच्या घराकडे बघत होता. हे कोण नवे, अशा नजरेने.
सौ. द्रोण ठेवून परत येत होती. त्याच्या अगदी जवळून आली. ओट्यावर चढता चढता म्हणाली, "कोणाची गाय सुटली हो ते?"
मी म्हटले, वा, तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठात पास. तीही हसली, पण जरा उशिरा.

१० डिसेंबर
चप्पल सापडली. अंगणाच्या ऐन मध्यावर, टाच कुरतडलेली. चोराने मुद्देमाल परत आणून टाकला. सापडली कशी? सौ. तिला अडखळून पडली. सकाळचे कोवळे ऊन, मोकळे अंगण, काळी चप्पल. गुडघा सोलला. हळद लावताना मी चिडवले, की चोर पकडायची ही नवी पद्धत पोलिसांना कळवतो.
"आंगण नवं हाये," ती म्हणाली. "पायाले अजून सवय नाई."

१३ डिसेंबर
आज द्रोण ठेवताना सोबत गेलो. खोकड आधीच येऊन बसले होते, दगडाच्या पलीकडे, चार हातांवर. कान मोठे, तोंड टोकदार. पळाले नाही. इतक्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. श्वास धरून उभा राहिलो, तिला खूण करणार.
ती म्हणाली, "आज आला नाई वाटते."
ते तिच्या आवाजाने नुसते कान हलवून तिच्याकडे बघत राहिले.
 परत येताना तिचा हात धरला. "काय झालं हो?" म्हणाली. म्हटले, थंडी आहे.

१४ डिसेंबर
झोप नीट झाली नाही. जुन्या घरातले आठवत राहिले. तिथे तिचा हात डब्यावर बरोब्बर पडे, अंधारातही. मला कौतुक वाटे. प्रत्येक उंबरा, प्रत्येक खुंटी वीस वर्षांची ओळखीची. तिथे डोळ्यांची गरजच पडत नव्हती. इथे सगळे नवे.
प्रत्यक्ष आणि अनुमान, दोन्ही प्रमाणे मी पाठ केलेली. ती केव्हापासून अनुमानावर संसार करते आहे, देव जाणे. टिटवी ओरडली की माझ्याआधी तिला कळते, वाटेने कोणी येते आहे. पावलांवरून माणूस सांगते. मी म्हणायचो, कान तिखट आहेत हिचे.
कारंज्याला सासूबाईंना काचबिंदू होता. शेवटी शेवटी देवघरातला दिवा चाचपून लावत. एकदा पदर पेटला होता. सौ.ने तो हाताने विझवला. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नाही.

१६ डिसेंबर
भगवानभाऊंनी धुऱ्याच्या कडेने तार ओढली. वीतभर उंचीवर एक, कमरेएवढी दुसरी. मला वाटले झटका-मशीन, नुसता हलका शॉक देणारे.
"त्या झटक्याले रोही भीत नाई, भाऊ. कातडं पाह्यलं का त्याचं? म्या लाइनीवरूनच घेतला करंट. दिवे लागले का चालू करतो, सकाळी बंद."
म्हटले, माणूस मरेल. आणि गुन्हा आहे हा.
"माणूस कायले येते रात्रीचा तिकडं? अन् गुन्हा म्हणता, तर पेपरात छापजा. रोह्याचंही छापजा मंग. एका रात्रीत हरबऱ्याच्या पाच ओळी सपाट केल्या." मग आवाज खाली आणून, "वहिनीले सांगून ठेवा फक्त. भात ठेवाले येतात त्या."
दगड तारेपासून हातभर.
सौ.ला सांगितले. भात ओट्यावर ठेव म्हटले. "तो तिथं जेवते. आपल्या दारात भिकाऱ्यावानी कायले येईन?" तार आहे म्हटले. "दिसते मले तार."
मी ठरवले, रोज बॅटरी घेऊन सोबत जायचे. कारण सांगितले, खोकडावर लेख लिहितो आहे. खोटे. पण तिला पटले. किंवा पटल्याचे दाखवले. या घरात आता कोण कोणाला काय दाखवते आहे, सांगणे अवघड.

१९ डिसेंबर
सकाळी भगवानभाऊ फाटकाशी. आत येईनात. "भाऊ, या जरा."
खालच्या तारेला लागून खोकड पडले होते. ओठ मागे ओढलेले, पुढचा पंजा काळा पडलेला. मेल्यावर फारच लहान दिसले. माझ्या थैलीत मावले असते. माळावर आम्ही दोघांनीच खड्डा केला. भगवानभाऊ सारखे म्हणत होते, "ह्याच्यासाठी नव्हती लावली, भाऊ. हे तं उंदरं खाते. आपल्याच कामाचं जनावर." टोपी काढून उभे राहिले. मी काही तरी पुटपुटलो, पाठ असलेलेच.
सौ.ला सांगायचे नाही, असे ठरले.

तोच दिवस, संध्याकाळ
जऊळक्याला बातमीसाठी गेलो होतो. येताना एसटी बंद पडली. घरी पोचलो तो दिवे लागलेले. फाटकातून धावतच आलो. सौ. ओट्यावर शांत बसलेली. हात रिकामे.
"ठेवून आली मी भात."
एकटी?
"मंग काय? आला होता आज. दगडापाशी बसून होता. चांगला जाडा झाला आता."
बॅटरी घेऊन धुऱ्यावर गेलो. द्रोण दगडावर नव्हता. दगडाच्या पलीकडे, जमिनीवर, खालच्या तारेच्या अगदी बुडाशी. थोडा भात तारेखाली सांडलेला. ती वाकली असेल. हात पुढे करून दगड चाचपला असेल. तार कुठून कुठवर

पुढे लिहवेना.

२० डिसेंबर
भगवानभाऊंकडे गेलो. कायदा काढला नाही, पेपर काढला नाही. सरळ सांगितले, हिला दिसत नाही. संध्याकाळी तर नाहीच. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले, आणि ते शेजाऱ्यापुढे. जिच्याबद्दल होते तिच्यापुढे नाही.
ते सुपारी कातरायचे थांबले. "काहून नाई सांगितलं पह्यले?" मग उठले, खांबावरचा आकडा स्वतः काढून आणला. "घ्या. बंद. पण रोह्याले कोण समजावंन, भाऊ? पोरीचं लग्न हाये उन्हाळ्यात."
मी आकडा हातात धरून उभा.  

२३ डिसेंबर
रोही काल परत आले. कळपाने. भगवानभाऊ डबा वाजवत रात्रभर जागे. आज सकाळी भेटले तेव्हा हात वर केला फक्त. तार अजून तशीच ओढलेली. आकडा माझ्याकडे आहे, पण दुसरा आकडा करायला काय लागते.
सौ.ला म्हटले, मला चष्मा बदलायचा आहे, अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, तूही चल. भाजी निवडत होती. बोटांनी, न बघता.
"तुमचा चष्मा तं दिवाळीलेच बदलला."
मग जुडी संपल्यावर, "कळलं तर तुमी मले परत गल्लीत नेऊन ठेवसान. नाई तं पुण्याले, पोरीजवळ. मले इथंच राहाचं हाये. इथं माणसं नाईत, पण मालूम पडते. कोण आलं, कोण गेलं."
काय कळलं तर, ते ती म्हणाली नाही. मीही विचारले नाही. म्हणालो, मंगळवारी जाऊ. "पाहू," म्हणाली.

२४ डिसेंबर
संध्याकाळी सोबत गेलो. दगडावर तिचा हात धरून द्रोण ठेवला. माळावर, बरेच लांब, एक खोकड. दुसरे. जोडीने राहतात म्हणे. पहिल्याची मादी असेल. जवळ आली नाही. गवतात बसून तारेकडे बघत होती.
"आला का?" सौ.ने विचारले. पहिल्यांदाच विचारले.
आला म्हटले. लांब बसला आहे.
"हं," म्हणाली. "भेला असंन."

आत्ता लिहितो आहे तर आतून विचारते आहे, "बाहेरचा दिवा लावला का?" दिवा लागलेला आहे. तिच्या खिडकीसमोरच.

चपलेपासून रोह्यापर्यंत सगळ्यांच्या तक्रारी लिहून झाल्या. भीती त्यातल्या कशाचीच नाही. हिला आता किती दिसते, हे मला माहीत नाही. विचारत नाही, कारण विचारले तर यावेळी ती खरे सांगेल.