चौकटीवरची फट

अहो,

दार सकाळपासून उघडत नाहीये. मी खिडकीतून उतरले. तुम्हालाही तिथूनच आत जावं लागेल, स्टूल बाहेर ठेवलंय.

दाराला रंधा मारू नका, त्याचा काही दोष नाही, वरची भिंत चौकटीला दाबतेय. आपण भिंतींचे ओंडके ओलेच रचले होते. ते वाळले की भिंत चार बोटं खाली बसेल, म्हणून तुम्ही चौकटीवर फट सोडली होती ना, तिच्यात मी पहिल्याच थंडीत जाड फळी ठोकून बसवली. वारा नेमका माझ्या उशाशी यायचा. तुम्हाला बोलले नाही. भिंत बसायला दोन वर्षं लागतील म्हणाला होतात, आणि आपण इथे दोन वर्षं काढू असं मला वाटलंच नव्हतं.

चुलीत निखारे झाकलेत, भात गरम करून घ्या. सौर दिवा कुंपणावर उन्हात लावलाय, तो आठवणीने आत आणा.

मी धाकट्या बहिणीकडे चालले आहे. राग नाही. खरं तर काहीच वाटत नाहीये, म्हणूनच जातेय. किती दिवस ते मलाही माहीत नाही.

तेवढी फळी काढून दार मोकळं करा. येताना मी खिडकीतून चढणार नाही.