लांब बाह्यांचं कापड

॥ श्री ॥
दोंडाईचे,
११ सप्टेंबर १९३८

तीर्थस्वरूप नाना यांना भिकूचा नमस्कार.

तुमचं पत्र आणि पार्सल दोन्ही गुरुवारी मिळालं. मी बरी आहे. इथे पाऊस पुरेसा झाला, कपाशी कमरेला लागली, आणि शाळेच्या मागच्या भिंतीला ओल आली ती आलीच. वहिनींची कंबर कशी आहे? त्यांनी दिलेलं लोणचं संपलं. पाठवाच असं म्हणत नाही, पण पाठवलंत तर नको म्हणणार नाही.

पोलक्याचं कापड चांगलं आहे. यंदाही बाह्यांसाठी वीतभर जास्त घेतलंत. दुकानदाराला आता सांगावंही लागत नसेल.

आता तुमच्या पत्राबद्दल. पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी रागच आला. राग उतरावा म्हणून रविवारची वाट पाहिली. उतरला नाही, तेव्हा तसाच लिहिते.

आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन जीवराम पाटील तुमच्या ओळखीचे आहेत, हे मला ठाऊक आहे. कोर्टाच्या कामाला जळगावला आले की तुमच्या वकीलसाहेबांच्या बैठकीत बसून चहा घेतात, हेही ठाऊक आहे. पण माझ्या वर्गातली मुलगी काढायची असेल तर त्यांनी मला सांगावं की नाही? त्यांचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि निरोप येतो जळगावहून, थोरल्या भावाच्या अक्षरात. ही कुठली रीत?

ती मुलगी कोण, हे तुम्ही विचारलंही नाहीत. तिचं नाव कमल. उखर्डू गाडीवानाची धाकटी पोर, तिसरीत आहे. तिच्या तोंडावर, ओठांवर आणि दोन्ही हातांवर कोड आहे. मुली तिला पांढरी म्हणून हाक मारतात. वर्षभर ती दाराशी, जोडे काढतात तिथे, वेगळ्या तरटावर बसायची. जूनमध्ये तो वर्ग माझ्याकडे आला तेव्हा मी ते तरट उचललं आणि पहिल्या ओळीत आणून टाकलं. एवढाच माझा गुन्हा. मुलींनी घरी सांगितलं, घरच्यांनी जीवरामभाऊंना सांगितलं. त्यांची स्वतःची नात त्याच ओळीत बसते. आता त्यांचं म्हणणं असं की पोरीनं बाहेर ओट्यावर बसावं आणि खिडकीतून ऐकावं. खिडकीतून शिकायला ती काय चिमणी आहे?

मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मुद्दाम शाळेत बोलावलं. त्यांनी मुलींना नीट समजावलं की हा महारोग नव्हे, शिवल्यानं लागत नाही, जेवल्यानं लागत नाही. मुलींनी माना डोलावल्या, आणि मधल्या सुट्टीत कमल ज्या पेल्यानं पाणी प्याली तो त्यांनी राखेनं घासला. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपण होऊन घासला. डॉक्टरांचं डोक्यात जातं नाना, हातात उतरत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

उखर्डू परवा शाळेच्या दाराशी आला. आत या म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "बाई, मन्ही पोरना आंगवर डाग शेतस, पन तिनी कोनी चोरी करी का? बठ्ठा गाव तिले असा देखस का तिनी चोरी करी." सगळा गाव तिच्याकडे चोरासारखं का बघतो, याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

तुम्ही लिहिता, 'प्रमिलाचं धुळ्याला जमत आहे, दिवाळीनंतर साखरपुडा. अशा वेळी हा विषय तुझ्या तोंडून निघू नये.' दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघाला तर चालेल, माझ्याच तोंडून नको. का, ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. पत्रात लिहीत नाही.

शिरपूरच्या सासरहून तुम्ही मला परत आणलंत, गावानं नावं ठेवली तरी ट्रेनिंगला घातलंत, हे मी विसरलेली नाही. तुमच्यामुळे मी शाळेतली बाई झाले. म्हणूनच तुमच्या अक्षरात हे वाचताना जास्त लागलं.

प्रमिलाला आत्याचा आशीर्वाद. वैशाखात आले होते तेव्हा भर उन्हाळ्यात तिच्या पायांत ते जाड तोडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, हल्ली तशीच तऱ्हा आहे. बरं, असेल.

शाळेत गुलाबाई बसवली आहे. शेवटच्या दिवसाच्या खिरापतीची पाळी कमलची लावली आहे. जीवरामभाऊंना कळवायचं असेल तर खुशाल कळवा.

आपली आज्ञांकित,
भिकू


॥ श्री ॥
दोंडाईचे,
१० ऑक्टोबर १९३८

तीर्थस्वरूप नाना यांना भिकूचा नमस्कार.

मी बरी आहे. तुम्ही सगळे बरे असाल. लोणचं मिळालं, वहिनींना सांगा, कैरी मुरली आहे. बाकी काही इकडचं-तिकडचं लिहीत बसत नाही, कारण जे लिहायचं ते जीवरामभाऊंकडून तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावं.

परवा शनिवारी शाळेतल्या गुलाबाईचा शेवटचा दिवस होता. हा बायकांचा खेळ, तुम्हाला त्यातलं काय कळणार, म्हणून सांगते. गुलाबाईपुढे गाणी झाली की जिची पाळी असेल तिनं झाकणाचा डबा पुढे आणून वाजवायचा. बाकीच्यांनी आवाजावरून आतली खिरापत ओळखायची. साखरफुटाणे, खोबरं, दाण्याचे लाडू, जे सुचेल ते ओरडायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. महिनाभर मुली यात इतक्या रंगतात की गणितं राहून जातात.

कमलच्या आईनं काहीतरी करून दिलं होतं. कमल नवं परकर-पोलकं घालून आली होती. तिनं डबा वाजवला.

कुणी बोललंच नाही. आधी मला वाटलं, ओळखत नाहीत. मग पाहिलं तर सगळ्यांच्या नजरा जीवरामभाऊंच्या नातीकडे, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले. घरून शिकवून पाठवलं होतं, नाना. ओळखायचं नाही, म्हणजे डबा उघडायचा नाही, म्हणजे खायचं नाही. कुणी नको म्हणालं नाही, कुणी तिला हिडीसफिडीस केलं नाही. नुसत्या गप्प बसल्या. कमल डबा वाजवत राहिली. सगळं समजूनही वाजवत राहिली. एवढ्याशा पोरींना हे शिकवणाऱ्या मोठ्या माणसांना मी काय म्हणू? पत्रात लिहिण्यासारखे शब्द नाहीत.

मी उठले. कमलला म्हटलं, थांब, आता माझी पाळी. मुलींना म्हटलं की मीही एक वस्तू झाकून आणली आहे, ओळखा. आणि उजवा हात पुढे केला, तुम्हीच गेल्या दिवाळीला पाठवलेल्या कापडाच्या पोलक्याच्या लांब बाहीसकट.

त्यांना हायसं वाटलं असावं. एकदम गलका झाला. गोठ, गोंदण, वाकी, ताईत, भाजल्याचा वण. जीवरामभाऊंची नातसुद्धा ओरडली. मी म्हटलं, कुणालाच येत नाही, आणि बटण काढून बाही कोपरापर्यंत वर केली.

शिरपूरला सासूबाईंनी पाहिला तेव्हा तो डाग चिंचोक्याएवढा होता. आता मनगटापासून कोपरापर्यंत आहे. तुम्हीही इतक्या वर्षांत पाहिलेला नाही. मी कासाराच्या हातून बांगड्या भरत नाही, कुणाकडे जेवताना बाही ओढून धरते, आणि उन्हाळ्यात बायका विचारतात तेव्हा अंगात कसर आहे म्हणून सांगते. सासरच्यांनी मला डागापायी परत धाडलं आणि तुम्ही गावात सांगितलंत की जावई दारूडा निघाला. त्या माणसानं कधी दारूला हात लावला नव्हता. डाग माझा, आणि बदनामी त्याची.

मुलींना मी सांगितलं की याच हातानं तुमच्या पाट्या तपासल्या, याच हातानं संक्रांतीला सगळ्या शाळेला तिळगूळ दिला, तुम्ही खाल्लात. हस्तीमल मारवाड्याची मुलगी सज्जन पहिल्या ओळीत बसते, तिनं विचारलं, "बाई, मग आम्हाला सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "तुमची भीती वाटली."

भाषण करायचं ठरवून गेले होते, नाना. चांगलं तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य बोलले नाही. हेच खरं होतं, तेवढंच बाहेर आलं. आठ-दहा वर्षांच्या पोरींना मी भीत होते, आणि त्यांना जूनपासून शिकवत होते की कुणाला भिऊ नका.

मला वाटलं होतं, कमल तरी येऊन बिलगेल. ती डबा धरून तशीच उभी होती. म्हणाली, "बाई, तुमचं बाहीत मावलं."

एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. तिचं कोड तोंडावर आहे, ती कुठली बाही ओढणार? तिला पहिल्या ओळीत बसवून मी मोठी शूर झाले होते, स्वतः मात्र बाहीत लपून. मी तिला म्हटलं, चुकलं माझं. मुलींसमोर म्हटलं.

मग सज्जन उठली. कमलच्या हातातून डबा घेतला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाली, "शेव?" कमलनं मान हलवली. दुसरी म्हणाली चकली, तिसरी म्हणाली शंकरपाळे. कमल प्रत्येकीला चुकलं म्हणून सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज चढत गेला. शेवटी मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, गुळपापडी. झाकण उघडलं.

सगळ्यांनी खाल्लं असं लिहिणार नाही. काही मुली दप्तर उचलून घरी गेल्या, जीवरामभाऊंची नात सगळ्यांच्या पुढे होती. काहींनी हातात घेऊन परकराच्या ओच्यात लपवली. पण ज्यांनी खाल्ली त्यांनी नंतर कमलचा पेला घासला नाही. मी बघत होते.

काल जीवरामभाऊ घरी आले. बसले नाहीत. राजीनामा द्या, असं मला सांगितलं. मी म्हटलं, माझा दोष सांगता येत नाही म्हणून राजीनामा मागता; त्यापेक्षा कमिटी बोलवा आणि चारचौघांत कारण सांगा. ते चारचौघांत सांगवेल असं त्यांना वाटलं नसावं; जोडे घालून चालते झाले. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. कमल आज शाळेत आली होती, पहिल्या ओळीत.

आता तुमच्या घरचं. धुळ्याला ही बातमी कापसाच्या गाड्यांबरोबर पोचेल. म्हणून त्याआधी तुम्ही स्वतः जा आणि सांगा. माझंच नव्हे, प्रमिलाचंही.

वैशाखात मी न्हाणीत पाणी द्यायला गेले तेव्हा तिनं तोडे काढून ठेवले होते. घोट्यावर डाग आहे. वहिनी त्याला बावचीचं तेल लावतात आणि पोरीला सांगतात, आत्यासारखी वेळ आणू नकोस. पोरीनं मला हे स्वतः सांगितलं आणि रडली. म्हणून ही घाई आहे ना, नाना? डाग पसरण्याआधी तिला उजवून टाकायचं, आणि पुढे सासूबाईंना दिसला की पुन्हा एखादा जावई दारूडा ठरवायचा.

मला कुणी विचारलं नव्हतं. तिला विचारा. सांगूनही त्यांनी पत्करली तर मी साखरपुड्याला येईन, आखूड बाह्यांचं पोलकं घालून सगळ्यांच्या पुढे बसेन. मोडलं तर तिला इकडे पाठवा. माझ्या दोन खोल्या आहेत, आणि शिकवण्यासारखं अजून माझ्याजवळ पुष्कळ आहे.

मी तुमच्यावर रागावले आहे आणि माझा जीवही तुमच्यावर आहे, दोन्ही खरं आहे. माझ्यासाठी तुम्ही गावाशी भांडलात. एवढंच की भांडताना मला आड लपवून भांडलात.

तुम्ही पाठवलेलं कापड याच पोस्टानं परत करते आहे. कात्री लावलेली नाही. प्रमिलाला त्याचं पोलकं शिवा, पण बाह्या तिला विचारून.

दर पत्राखाली आज्ञांकित लिहायची सवय आहे. आज तो शब्द हातून उतरला नाही.

आपली बहीण,
भिकू