डाव्या हाताची गाठ

लालबाग,
६ जुलै २०२५

ती. मनूकाका यांना,
सा. नमस्कार.

तुम्ही बरे असाल असं धरून चालते. इकडे सगळे ठीक आहेत. पावसाळा लागल्यापासून आईचा गुडघा कुरकुरतो. बाबांची मंडपाची कामं सुरू झाली आहेत, त्यामुळे गोदामातले बांबू बाहेर आणि बाबाही बाहेर. मी अक्षदा, तुमच्या अजितदादाची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी दोन वर्षांची होते, म्हणून ओळख सांगितली.

तुम्ही कुठे आहात हे मला कोणी सांगितलं नाही. एका फोटोवरून कळलं. कसं ते सांगते.

मी आर्ट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ऋग्वेदा मॅडमनी आम्हाला या सत्रात एकच काम दिलंय: निसर्गातली रचना आणि माणसाच्या बांधकामातली रचना शेजारी शेजारी ठेवायची. बारा फोटो. मॅडम म्हणाल्या, "सुंदर दिसतंय हे मला नको. ते कशावर उभं आहे, ते दाखवा."

मी वळणं घेतली. माहीमच्या किनाऱ्यावरचे शंख, ठाकुरद्वारच्या एका इमारतीमागचा लोखंडी गोल जिना, हिंदू कॉलनीतल्या कुंपणावरचे वेल. दादरच्या फुलबाजारात चाफा बघत बसले. चाफ्याची प्रत्येक पाकळी शेजारणीवर थोडी चढलेली असते आणि पाचही पाकळ्या एकाच बाजूला वळतात. एखादं फूल तरी उलटं वळलेलं सापडेल म्हणून मी टोपलीतलं एकेक फूल उचलून बघत होते. फुलवाली म्हणाली, "ए बाय, फुलं घेतेस की लग्नाला पोरगी बघतेस? नाकीडोळी नीट आहे, घे आता!" वीस रुपयांची घेतली. एकही उलटं नव्हतं.

बांधकामात मी गाठी घेतल्या, कारण त्या आमच्या घरच्याच. उभ्या बांबूला आडवा बांबू सुंभाने बांधतात ती जागा. बाबांच्या तीन गाठी लालबागमध्ये काढल्या आणि चौथी गिरगावातल्या एका मंडपाची, ती अशीच, रस्त्यावरून जाता जाता. चारही फोटो भिंतीवर लावले, तर मॅडम म्हणाल्या, "हा चौथा तू उलटवलास. चौकट जुळावी म्हणून."

"नाही मॅडम."

"मग या तीन गाठींचे वेढे उजवीकडे चढतात आणि हिचे डावीकडे कसे?"

माझ्या वर्गातला ध्रुव फोटोला नाक लावून उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, कोपऱ्यात टेम्पो आहे बघा. नंबर सरळ वाचता येतोय. फोटो सरळच आहे, माणूस उलटा आहे."

सगळे हसले. मी हसले नाही. डाव्या हाताने गाठ मारणारा एकच मंडपवाला मी आयुष्यात ऐकला आहे.

दुसऱ्या दिवशी मी परत गिरगावात गेले. तुमचे हितेंद्रशेठ मंडपासमोर खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, तर म्हणाले, "डावरा ना? मनू. सतरा वर्षं आपल्याकडे आहे. आता माल आणायला गेला." नंबर मागितला, तर मान हलवली. "नंबर कोणाला द्यायचा नाही, त्याने सांगितलंय. चिठ्ठी दे, पोचवतो." म्हणून हे पत्र.

२००७ साली परळच्या मैदानातली कमान पडली, आजोबांचा पाय मोडला, आणि गाठ तुमची होती म्हणून तुम्हाला घर सोडावं लागलं, एवढं मला माहीत आहे. त्याबद्दल मी विचारणार नाही. बाबांना या पत्राचं सांगितलेलं नाही.

सोबत फोटो पाठवते. मला एवढंच हवंय: ही गाठ तुमचीच ना?

तुमची पुतणी,
अक्षदा

~

लालबाग,
१५ जुलै

ती. मनूकाका,
सा. नमस्कार.

फोटो परत मिळाला. मला वाटलं होतं, फार तर हो किंवा नाही येईल. तुम्ही तर मागे दिसणाऱ्या गाठींसकट सगळा फोटो मास्तरांसारखा तपासून पाठवलात! पाच गाठींवर बरोबरची खूण, दोहोंवर फुली, आणि मागे पेन्सिलीने: "फुलीच्या माझ्या नाहीत. ढिल्या होत्या. आवळून घेतल्या." मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, "हा फोटो आता तुझ्या एकटीचा राहिला नाही. आहे तसाच भिंतीवर लाव, खुणांसकट."

दुसरी एक गंमत. आमच्या गॅलरीत कुंडीत गोकर्णीचा वेल आहे. तो काठीला नेहमी एकाच बाजूने वेढे घेतो. मी त्याचा कोवळा शेंडा सोडवून मुद्दाम उलट्या बाजूने गुंडाळला, दोऱ्याने बांधला आणि रोज सकाळी फोटो काढला. दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी दोऱ्याच्या वर जेवढा नवा वाढला, तेवढा पुन्हा आपल्या बाजूला वळला. चौथ्या दिवशी मी दोरा कापला.

हे आई बघत होती. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी मनूभावजींचं असंच केलं होतं." काय केलं, ते मला तोवर माहीत नव्हतं. आजोबांची गिरणी बंद पडली आणि त्यांनी मंडपाचं काम धरलं, तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होतात. डाव्या हाताने मेढ, म्हणजे मुहूर्ताचा पहिला खांब, बांधली तर गिऱ्हाईक परत येणार नाही, म्हणून ते तुमचा डावा हात सुंभाने कमरेला बांधायचे आणि उजव्या हाताने गाठी मारायला लावायचे. तुम्ही त्यांच्यासमोर उजव्याने मारायचात. ते वळले की सोडून डाव्याने. आईला हे बाबांनी सांगितलं होतं, लग्न नवीन असताना. हसत सांगितलं होतं म्हणे.

मग आईने कपाटातून एक फोटो काढला. तो तिने जपून ठेवला कारण त्यात मी आहे. कमान पडली त्याच्या आदल्या संध्याकाळचा, मंडळाच्या फोटोग्राफरने काढलेला. वर कापडावर 'सुस्वागतम्'. खाली आजोबा, बाबा, आणि तुम्ही. मी तुमच्या खांद्यावर बसले आहे आणि तुमचे केस धरले आहेत. तुम्हाला चांगलंच दुखत असणार, पण तुम्ही हसताय.

पुढचं लिहायचं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. त्याबद्दल विचारणार नाही असं लिहिलं होतं. पण मी तो फोटो कॉलेजात स्कॅन केला. मोठा करून पाहिला. मला आता गाठी दिसल्या की वेढे कुठे चढतात हे आधी दिसतं, ही सवयच लागली आहे.

आमच्या घरात ती गोष्ट नेहमी एकाच शब्दांत सांगितली जाते. 'म'च्या डोक्यावरची गाठ सुटली. म्हणजे सुस्वागतम् या अक्षरांतला शेवटचा म, उजवा खांब. वर फक्त तुम्ही दोघे भाऊ चढला होतात. आजोबा खालून बघत होते. कमान पडल्यावर, पाय अडकलेला असताना, ते ओरडले, "डाव्या हाताची गाठ, ती सुटतलीच!"

काका, 'सु'च्या डोक्यावरच्या गाठीचे वेढे डावीकडे चढतात. 'म'च्या डोक्यावरच्या गाठीचे उजवीकडे.

फोटो उलटा नाही. अक्षरं सरळ वाचता येतात. मी दहा वेळा पाहिलं.

बाबा अजूनही कुठल्याही कमानीची उजवी गाठ दुसऱ्याला मारू देत नाहीत. स्वतः चढतात. दुहेरी सुंभ घेतात. खाली उतरतात, चहा घेतात, आणि परत चढून ती चाचपून येतात. कामगार त्यावरून चेष्टा करतात. मला वाटायचं, कामात चोख आहेत म्हणून.

तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?

अक्षदा

~

लालबाग,
२२ जुलै

मनूकाका,

तुझा निरोप हितेंद्रशेठनी तोंडी सांगितला. "पोरीला सांग, जुने फोटो कपाटात ठेव." त्यांनी तुझा आवाजही काढून दाखवला. त्यावरून कळलं की तुला माहीत होतं.

मी ऐकलं नाही. रागावू नकोस.

आणि अचानक 'तू' का, तेही सांगते. पण आधी रविवारचं.

बाबा गोदामात सुंभाची बंडलं मोजत बसले होते. मी मोठा केलेला फोटो त्यांच्यासमोर धरला.  त्यांनी आधी मला शोधलं, मग आजोबांना. मग नजर वर गेली. मी कुठलीही खूण केली नव्हती, पण त्यांनी बोट थेट 'म'च्या डोक्यावर ठेवलं.

"कॉलेजात हेच शिकवतात काय?" म्हणाले.

"गाठी कशा बांधतात ते शिकतेय."

"मग काय दिसलं?"

"ही तुमची आहे, बाबा."

त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "सुंभ ओला होता. भिजलेला सुंभ फुगतो, तेव्हा गाठ घट्ट वाटते. वाळला की ढिली पडते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मला माहीत होतं गं. गोदामात कोरडा सुंभ होता, पण एवढ्यासाठी कोण परत खाली उतरणार, असं वाटलं."

मी विचारलं, "आजोबांना सांगितलं का नाही?"

"बापाने विचारलंच नाही, कोणाची गाठ म्हणून. थेट त्याचंच नाव घेतलं. मनू माझ्याकडे बघत होता. मी खाली बघत होतो." मग म्हणाले, "तो बोलला असता तर मी कबूल झालो असतो. पण तो बोलला नाही. अजून बोललेला नाही."

दारात आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "अठरा वर्षं! एक बोलत नाही म्हणून दुसरा बोलत नाही. सुंभ जळला तरी तुमचा पीळ जाईल तर शपथ." आणि रडायला लागली. बाबा तिला गप्प बस म्हणाले नाहीत.

आईने सांगितलं असावं, संध्याकाळी त्यांनी विचारलं, तू त्याला पत्रं लिहितेस ना? मी हो म्हटलं. काय लिहितेस ते वाचायला मागितलं. माझ्याकडे पहिल्या पत्राचा कच्चा कागद होता, तो दिला. दोन ओळी वाचून म्हणाले, "मनूला 'तुम्ही'? तुला खांद्यावरून खाली ठेवलं की 'मनू, मनू' करून चाळ डोक्यावर घ्यायचीस." म्हणून 'तू'. तुला चालत नसेल तर हितेंद्रशेठकडे निरोप ठेव.

परळच्या त्याच मैदानातलं काम यंदा बाबांकडे आलंय. अठरा वर्षांत त्यांनी ते दोनदा नाकारलं होतं. येत्या रविवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी नऊला मेढ आहे. बाबांनी मंडळाच्या माणसांना सांगून ठेवलंय की मेढ बांधायच्या आधी त्यांना सगळ्यांसमोर जुन्या कमानीबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. तिथली म्हातारी माणसं अजून ती गोष्ट तुझ्या नावाने सांगतात, म्हणून तिथेच. ते मंडळाच्या अध्यक्षांना हे सांगत होते तेव्हा मी शेजारी होते. 

बाबा त्या दिवशी उजव्या खांबावर चढतील. डाव्यावर कोणाला चढवायचं, असं कामगारांनी विचारलं. बाबा म्हणाले, "बघू."

माझे बाराही फोटो भिंतीवर लागले आहेत. तुझ्या खुणांचा सातवा आहे. त्याच्या शेजारी मी गोकर्ण लावली आहे, दोरा कापलेल्या दिवसाची. जुना फोटो लावला नाही. तो तुमच्या दोघांचा आहे. एक प्रत या पाकिटात आहे, कपाटात ठेवायचा की नाही ते तू ठरव.

बाबांना म्हटलं, तुम्हीही चार ओळी लिहा. कागद पुढे घेऊन अर्धा तास बसले. एवढंच लिहिलं: 'चि. मनू.' मग पेन ठेवलं, सुंभाचा तुकडा घेतला, टेबलाच्या पायाला एक काठी आडवी धरली आणि उजवा हात मांडीखाली घालून डाव्या हाताने गाठ मारायला लागले. तीनदा सुटली. चौथ्यांदा दात लावून ओढली. वेढे डावीकडे चढतात, मी पाहिलं. मग काठी सावकाश बाहेर ओढून घेतली, टेबल जरा उचलून गाठ पायातून काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "हे घाल पाकिटात. त्याला कळेल."

ती सोबत आहे. सुंभ कोरडाच आहे, तरी गाठ ढिली आहे. रविवारी येऊन आवळून दे.

तुझे केस धरून बसलेली,
अक्षदा