फोन क्लिफनं उचलला

मंगळवार, १४ जानेवारी

मॅन्डीला सापडली. मला नाही, क्लिफला नाही — केस धुणाऱ्या मॅन्डीला! बेसिनवर मान मागे टाकून पडले होते, डोक्याला फेस. तिची बोटं कानामागून खाली आली आणि थांबली. "हिलरी, ही गाठ कधीपासून आहे गं?" कुठली गाठ? हात लावून पाहिला. डावीकडे, जबड्याच्या खाली. वाटाण्याएवढी म्हणावी तर त्याहून मोठी. दुखत मुळीच नाही. मॅन्डी म्हणे, "दुखत नाही तेच वाईट." काय तरी बयेचं तोंड! शेजारी तिघीजणी केस वाळवत बसल्या होत्या. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर.

क्लिफला सांगितलं. त्यानं चष्मा लावून बघितलं, "सर्दीबिर्दीचं असेल काहीतरी," म्हणाला आणि बातम्या लावल्या. या माणसानं जन्मभर डेपोत बसगाड्या दुरुस्त केल्या. इंजिनात कुठं खट्ट झालं तर जेवण सुचायचं नाही त्याला. बायकोच्या मानेत गाठ, तर हवामानाचा अंदाज ऐकतोय!

गुरुवार, १६ जानेवारी

सकाळी आठला दवाखान्यात फोन लावला. 'रांगेत आपला क्रमांक सव्विसावा.' आणि मग ते पिपाणीचं संगीत. माझा नंबर येईपर्यंत क्रॉसिंगवर जायची वेळ झाली, कोटाची एक बाही घातलेली, एक लोंबतेय. शेवटी बाई आली. "आजच्या वेळा संपल्या. उद्या आठला करा."

मी शाळेपुढच्या रस्त्यावर पिवळा कोट घालून, फलक घेऊन उभी असते. एक हात वर केला की चाळीस टनी लॉरी थांबते. पण ही बाई काही थांबत नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं फोन ठेवला.

शुक्रवार, १७ जानेवारी

मिळाली वेळ. डॉक्टर अडेयेमी. नवीन आहे, पोरगीच, हात बर्फासारखे. गिळताना त्रास होतो का, वजन उतरलं का, सिगारेट ओढता का. वजन उतरलं असतं तर पार्टी दिली असती म्हटलं. हसली नाही. मान दोन्ही बाजूंनी चाचपली, परत डावी बाजू चाचपली.

"काळजीचंच असेल असं नाही, मिसेस एन्टविसल. पण तातडीनं तज्ज्ञांकडे पाठवते. दोन आठवड्यांच्या आत बघतील. हॉस्पिटलचा फोन येईल, तेवढा चुकवू नका."

काळजी नको, पण तातडीनं! आता बोला.

नंबर घरचाच दिला. मोबाईल माझा दुपारीच मान टाकतो.

रविवार, १९ जानेवारी

शेजारची नोरीन हॉटपॉट घेऊन आली. मटण, बटाटे, वर कुरकुरीत थर, सगळं साग्रसंगीत. आमच्याकडे ही भांडी कोणी गेल्यावर येतात. "अजून आहे गं मी," म्हटलं. ती बसलीच. तिच्या चुलतबहिणीला अस्सं झालं होतं, अगदी इथंच. मग काय झालं? तर म्हणे, "जाऊ दे, तुला नको सांगायला." मग काढलंस कशाला विषय!

लीड्सहून गेलचा फोन. पोटची पोर, पण बोलते दवाखान्याच्या भिंतीवरच्या पत्रकासारखं. रोज दुधात हळद घालून प्यायची म्हणे. हळद! ती घरात कुठून असायला? आणायला सांगितली तर क्लिफ मोहरी घेऊन आला.

हॉटपॉट मात्र फक्कड झाला होता. दोनदा घेतला.

सोमवार, २० जानेवारी

जेवताना फोन. नंबर लपवलेला. कोणीतरी खिडक्या विकणारा. क्लिफनं बशी बाजूला सारली, तोंड पाडलं आणि नेहमीचा खेळ सुरू केला.

"मिसेस एन्टविसल? आमची हिलरी वारली हो. गेल्याच आठवड्यात." आणि एक हुंदका.

पलीकडचा बिचारा माफी मागतो, यादीतून नाव काढतो, परत म्हणून फोन करत नाही. वर्षानुवर्षं चाललंय. सोलरवाले, विमेवाले, कॉम्प्युटरमध्ये किडा शिरलाय सांगणारे — सगळ्यांच्या लेखी मी मेलेली. पूर्वी मीही हसायचे, उशी तोंडावर धरून हसायचे. आज नाही आलं हसू.

"हा खेळ आता बंद, क्लिफ. हॉस्पिटलचा फोन यायचाय."

"मला काय तेवढी अक्कल नाही?"

आहे की नाही, ते देवाला ठाऊक.

गुरुवार, २३ जानेवारी

दुपारी क्रॉसिंगवरून आले तर हा शिडीवर! छपराची पन्हळ साफ करतोय, तीही कडाक्याच्या थंडीत, हातमोज्यांशिवाय. उतर म्हटलं तर उतरेना. फोन आला होता का कोणाचा? "खिडक्यावाल्यांचा." वर बघूनच म्हणाला.

रात्रीला बटर पाय आणला होता, बटाटा-कांदा भरलेला, त्याच्या आवडीचा. त्यानं तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. पोट बरं नाही म्हणे. घ्या! गाठ मला आणि पथ्य याला.

रविवार, २६ जानेवारी

चहा अंथरुणात आणून दिला. टोस्टसुद्धा, कडा कापून. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदा. मी काय आजारी आहे? असं विचारलं तर खाली जाऊन भांडी घासत बसला. नंतर गाडी धुतली. परवाच धुतली होती.

असला सोज्ज्वळपणा मला सहन होत नाही. त्यापेक्षा चिडला असता तर बरं.

मंगळवार, २८ जानेवारी

मला भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

दोन आठवडे झाले, फोन नाही. मीच लावला. एका बाईनं दुसरीकडे दिला, दुसरीनं तिसरीकडे. तिसरीनं नाव, जन्मतारीख विचारली आणि एकदम आवाज खाली आला.

"आपण त्यांच्या कोण?"

"मीच ती."

"नाही... म्हणजे मिसेस हिलरी एन्टविसल यांच्या..."

"अहो मीच!"

कीबोर्डचा टकटक आवाज. मग म्हणाली, "माफ करा हं, पण इथं नोंद आहे की त्या वारल्या. घरूनच कळलंय. त्यांच्या पतींकडून."

मी फोन ठेवला. क्लिफ दारात उभा होता. ओरडले असं ओरडले, की नोरीननं भिंतीवर थापा मारल्या. मूर्ख माणसा! गाढवा! जिवंत बायकोला पुरलंस! तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं खिडक्यावाली आहे." आणि उभाच राहिला, हात लोंबत सोडून. त्याची दया यायला हवी होती. नाही आली. तातडीचे दोन आठवडे यानं एका विनोदापायी घालवले. आणि ती माझ्या मानेत बसलीय.

शनिवार, १ फेब्रुवारी

त्याचं अंथरूण मागच्या खोलीत. चिप्स एकटीपुरते आणले आणि त्याच्यासमोर खाल्ले.

टपालात त्याच्या नावानं पाकीट. दवाखान्याचं सांत्वनाचं कार्ड! पांढरी फुलं, आत सगळ्यांच्या सह्या. त्या 'उद्या आठला करा' बाईचीसुद्धा! जिवंतपणी वेळ देईना, मेल्यावर सही करते. कार्ड शेकोटीवरच्या फळीवर उभं करून ठेवलंय, त्याच्या खुर्चीसमोर. बघ म्हणावं रोज.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जिवंत असल्याचा दाखला द्यायला दवाखान्यात गेले. पासपोर्ट, विजेचं बिल, वर मी स्वतः. रिसेप्शनवरची फोटोकडे बघते, माझ्याकडे बघते. "फोटो जरा जुना वाटतो." म्हटलं, मेल्यावर माणूस जरा उतरतोच. मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. तिचे मात्र कान लाल झाले. नंतर हळूच म्हणाली, "कार्ड परत आणून देता का? म्हणजे, बरं दिसत नाही ते." नाही देणार!

डॉक्टर अडेयेमी स्वतः बाहेर आली. माझ्यासमोर हॉस्पिटलला फोन लावला आणि तारीख मिळेपर्यंत ठेवलाच नाही. बारा तारखेला बोलावलंय. पोरीला उगाच नावं ठेवली मी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

क्लिफ बरोबर आला. मी म्हटलं नव्हतं. सूट घालून आला, दफनाला जाताना घालतो तोच. एकच सूट आहे त्याच्याकडे, काय बोलणार.

मानेवर थंडगार जेल, वर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. मग गाठीत सुई, नमुना घ्यायला. दुखलं, पण दात काढण्यापेक्षा कमी. मोठे डॉक्टर पडद्याकडे बघत होते, मी त्यांच्या भुवयांकडे. काही कळू देत नाहीत मेले. नर्स मात्र मायाळू. बर्नाडेट नाव. माझा हात धरला आणि शाळा कुठली, मुलं ऐकतात का, असलं विचारत राहिली. निकाल आला की तीच फोन करणार आहे. क्लिफकडे बघून म्हणाली, "मिस्टर एन्टविसल, या वेळी जिवंत ठेवाल ना यांना?" सगळ्यांना माहीत आहे तर! मला हसू फुटलं. क्लिफ कोपऱ्यात सूट घालून रडत होता.

येताना बसमध्ये त्यानं हात धरला. धरू दिला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अंथरूण परत पुढच्या खोलीत. घोरतो म्हणजे घोरतो. कार्ड मात्र फळीवरच आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

शाळेला आठवड्याची सुट्टी. दिवसभर घरात, फोनच्या समोर. आज एक सोलरवाला आला लायनीवर. क्लिफनं त्याला "सर" म्हटलं, सगळं ऐकून घेतलं, आभार मानले. आता शुक्रवारी माणूस छप्पर मोजायला येणार आहे! कपाळावर हात मारला मी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आत्ता अकराला फोन वाजला. नंबर लपवलेला. मी जवळ होते, मीच उचलला. "हॅलो, बर्नाडेट बोलतेय. मिसेस एन्टविसल आहेत का?" आवाज फार मऊ. नको इतका मऊ.

"वारली हो ती," मी म्हटलं. आणि ठेवून दिला.

माझ्याच तोंडून! क्लिफ समोर उभा. वाटलं, आता हा ओरडेल, आणि त्याचा हक्कच आहे. तो हळू म्हणाला, "त्या दिवशीच्या बाईनं पण आधी हॉस्पिटलचंच नाव घेतलं होतं, हिल. मला कळलं होतं."

म्हणजे खिडक्यावाली नव्हतीच. पन्हळ, टोस्ट, न खाल्लेला बटर पाय. मी त्याला गाढव म्हटलं होतं.

फोन परत वाजला. मला उठवेना. क्लिफनं उचलला.

"आहे," म्हणाला. "इथंच आहे ती. मीपण आहे. सांगा."