उताराखालच्या दुकानाची विनाअट व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौसष्ट, अविवाहित, धंदा फोटोग्राफी, राहणार स्कीच्या उताराखालच्या फोटोच्या दुकानावरची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. गेल्या महिन्यात केलेलं मृत्युपत्र मी फाडून टाकलं आहे. ते का, हे पुढे चौथ्या कलमात येईल.

१. दोन्ही कॅमेरे, सत्तर-दोनशेची लेन्स, वीसची रुंद लेन्स, नवी तीनशेची लेन्स, सगळे फिल्टर आणि बर्फात रुतणारा टोकदार पायांचा ट्रायपॉड माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या एकुलत्या एक मुलीला, द्यावेत. ती स्कीच्या शर्यतींचे फोटो काढते आणि माझ्यापेक्षा चांगले काढते. मागच्या हिवाळ्यात अंतिम शर्यतीसाठी ती तीनशेची लेन्स मागायला आली होती. मी म्हणालो, लेन्सला भेटायला सगळे येतात, काकाला कोणी येत नाही. ती चहा न घेताच गेली. ते बोलणं मी इथे मागे घेतो.

तिच्यासाठी दोन शब्द. बर्फावर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. पांढरं शुभ्र असलेलं राखेसारखं येतं, तेव्हा उजेड दीड स्टॉप जास्त द्यावा. सुटी बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. थंडीतून उबेच्या खोलीत येताना कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बांधावा, नाहीतर काचेला घाम फुटतो. हे सगळं तिला माहीत आहे. लिहायला बरं वाटलं म्हणून लिहिलं.

२. जुनी तीनशेची लेन्स धाकट्या भावाला. त्याने ती एका हंगामासाठी नेली आणि अकरा वर्षांनी परत आणली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती. "नेली होती तशीच आहे बघ, दादा," असं म्हणून त्याने ती काउंटरवर ठेवली. बुरशी त्याची, तेव्हा लेन्सही त्याचीच.

३. मागच्या खोलीतल्या फळीवर निगेटिव्हच्या एकोणीस पेट्या आणि फोटोंच्या दोन डिस्क आहेत. सगळ्यांत एकच डोंगर आहे, तोही पुरता नाही. काउंटरमागच्या खिडकीतून तिकीटघराच्या पत्र्याच्या छपरापलीकडे डोंगराचा वरचा तिसरा हिस्सा दिसतो. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी तेवढाच टिपत आलो. बाकी दिवसभर दुकानासमोर, उतार संपतो तिथे उभं राहून, कधी हसणाऱ्या तर कधी पडलेल्या पाहुण्यांचे फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या आत छापून द्यायचे.

मला निसर्गाचे फोटो काढायचे होते. वडील म्हणायचे, डोंगर पळून जात नाही, गिऱ्हाईक पळतं. मी तेहेतीस वर्षांचा असताना ते गेले. त्यांच्या मृत्युपत्रात दुकान आणि वरची खोली माझ्या नावावर होती, पण अट होती: आई हयात असेपर्यंत हंगामात दुकान रोज उघडायचं. लागोपाठ तीन दिवस बंद राहिलं, तर दोन्ही विकून वाटणी व्हावी आणि आईने धाकट्याकडे, दूरच्या शहरात, सहाव्या मजल्यावर राहायला जावं. आईला ही जागा सोडायची नव्हती. त्याच वर्षी पुस्तकं छापणारा एकजण आला होता. अख्खा हिवाळा डोंगरात राहून खिंडी आणि गोठलेली तळी टिपून द्या म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि नाही सांगितलं.

धाकटा दर सुट्टीत येऊन म्हणायचा, दादा, तुझं बरंय, उबेत बसून कमाई.

आता जे लिहितो ते कोणाला सांगितलेलं नाही. आईवर माझा जीव होता. तरीही काही सकाळी शटर वर करताना, ही अजून किती वर्षं, असं मनात आलं आहे. वर तिच्या काठीचा आवाज ऐकू आला की स्वतःची किळस यायची आणि मी मुद्दाम तिच्या आवडीचं काहीतरी आणून द्यायचो. तिला ते कळत नसेल, असं मला वाटायचं.

ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना एका सकाळी माझा डबा भरून खाली आली. म्हणाली, जा, चार दिवस मी उभी राहते काउंटरला. दुकान उघडं राहिलं म्हणजे झालं, कोण उभं आहे ते तुझ्या बापाने लिहिलेलं नाही. मी निघालो. कड्यापलीकडच्या तळ्याला जायचं होतं. तिथून डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा दिसतो असं ऐकलं होतं. वाट दोन दिवसांची, हवा स्वच्छ, तेव्हा गुडघेही धड होते.

मी पहिल्या निवाऱ्यापर्यंत गेलो. दुसऱ्या सकाळी बूट बांधले, पिशवी पाठीला लावली आणि दारात उभा राहिलो. पुढे पाय टाकवेना. भीती कशाची होती, विचाराल तर सांगता येणार नाही. समोर काहीही अडवणारं नव्हतं, तेच जड झालं. तीन रात्री त्या निवाऱ्यात काढल्या. खिडकीतून डोंगर दिसायचा. कॅमेरा पिशवीतून काढलासुद्धा नाही. चौथ्या दिवशी खाली आलो आणि आईला सांगितलं, तळ्यावर गेलो होतो, पण ढग फार होते, एकही फोटो निघाला नाही. ती बरं म्हणाली. तिचे पाय सुजून बुटात मावत नव्हते.

ती एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली. त्याआधीच्या हिवाळ्यात मी तिला औषध देत होतो, तेव्हा तिने एकदम विषय काढला.

"ते चार दिवस इथून शिखर लख्ख दिसत होतं," ती म्हणाली. "तू वर गेलाच नाहीस ना?"

"नाही."

"मग मी कशाला उभी राहिले रे?"

मी औषधाचा चमचा पुढे केला. तिने औषध घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

ती जाऊन दोन वर्षं झाली. अट तिच्याबरोबर संपली. तरी हंगामात रोज साडेआठला मी शटर वर करतो.

पेट्यांचं प्रदर्शन भरवू नये, असं मी इथे लिहिलं होतं. ती अट होत होती, म्हणून खोडलं. ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात.

४. दुकान आणि वरची खोली धाकट्या भावाला. फाडलेल्या मृत्युपत्रातही त्यालाच होती, पण वडिलांच्याच शब्दांत: हंगामात रोज उघडावं, तीन दिवस बंद राहिल्यास हक्क जावा. एकतीस वर्षांचं उट्टं एका ओळीत निघत होतं. वकीलबाई म्हणाल्या, कायद्यात बसतं, मनात बसतं का ते तुम्ही बघा. माझ्या मनात ते अगदी चपखल बसलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात पुतणी आली. लेन्स मागायला नाही, भेटायला. मीच तो कागद तिला दाखवला. बापाची कशी जिरवली ते तिने बघावं, हा हलकट हेतू होता. तिने सावकाश वाचला, घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवला.

"काका, बाबांचं वय एकसष्ट आहे," ती म्हणाली. "ते विकायचं म्हणणार नाहीत आणि इथे येऊन राहणारही नाहीत. शटर उघडायला मलाच यावं लागेल."

मी म्हणालो, तुला नको असेल तर येऊ नकोस.

"तुम्हाला तरी कुठे हवं होतं?"

ती गेल्यावर मी तो कागद फाडला.

म्हणून स्पष्ट लिहितो. दुकान धाकट्याने चालवावं, विकावं, भाड्याने द्यावं किंवा कुलूप घालून किल्ली फेकून द्यावी. कोणतीही अट नाही. त्याने माझी आठवण काढावी अशीसुद्धा नाही.

५. बँकेत जे काही निघेल ते आईची शेवटची दोन वर्षं सेवा करणाऱ्या नर्सबाईंना द्यावं. आईच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या वाटच्या होत्या.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, असं कळलं. म्हणून रोपवे चालवणाऱ्या माझ्या जुन्या मित्राला माझा थर्मास आजच हातात दिला आहे. तो म्हणाला, झाकण गळतं.

हे लिहून होईपर्यंत दुपारचे बारा वाजले. दोन्ही साक्षीदार समोर बसले आहेत. आज हंगामातला चालू दिवस, बाहेर ऊन आहे, उतारावर गर्दी आहे आणि शटर खाली आहे. मघाशी कोणीतरी ते दोनदा वाजवलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहीत राहिलो. वाजवणारा थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

वरील मजकूर मी दोनदा वाचला आहे आणि तो मला मान्य आहे.

(सही) फोटोवाला

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. (सही) डॉक्टर. लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत असल्याचं मी तपासलं आहे.
२. (सही) रोपवेवाला.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: अकरा फेब्रुवारी, दुकान बंद